जिने आणली, तिने भरायचं

"दादा, जरा हळू बोला ना जी. पोरगी घरात आहे."

आई गॅलरीत फोनवर बोलत होती. दार तिने ओढून घेतलं होतं, पण ते दार पावसाळ्यात फुगतं आणि मग वर्षभर नीट लागत नाही. मी ओट्याशी डबा भरत होते. फोनवरच्या माणसाचं बोलणं मला ऐकू येत नव्हतं. तरी आई त्याला हळू बोलायला सांगत होती. म्हणजे तिच्या कानात तो एवढ्या जोरात बोलत असणार, की ते घरभर जाईल अशी तिला भीती वाटली.

सकाळचे सात वाजत होते. हिंजवडीला जाणारी माझी कंपनीची बस थोड्याच वेळात गाडीतळावर यायची होती. आई आत आली, फोन पदराला पुसला आणि म्हणाली, "भाजीत मीठ पाहून घे."

कोण होतं, असं मी विचारलं नाही. आमच्या घरात मी न विचारणारी म्हणूनच ओळखली जाते. मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हा शाळेत मराठी बोललं की दंड व्हायचा आणि घरी इंग्रजी शब्द निघाला की बाबा म्हणायचे, "आल्या मॅडम." दोन्हीकडे गप्प बसणं सोपं होतं. हळूहळू मला ऐकायची सवय लागली आणि बोलायची राहूनच गेली.

हे दोनेक वर्षांपूर्वीचं. आता मी हिंजवडीतच राहते, खोलीत दोन मैत्रिणी आहेत आणि शेजारी कोण राहतं हे आम्हा तिघींनाही माहीत नाही. रविवारी दुपारी सगळं शांत झालं की मला हडपसरचं आमचं घर आठवतं, आणि त्या घरातले भिशीचे रविवार.

आमची इमारत चार मजली, बिनलिफ्टची. आई-बाबा वर्ध्याकडचे. बाबा एका कारखान्यात लेथवर होते आणि आई औषधांच्या कंपनीत पॅकिंगला. तळमजल्यावर मावशी राहायच्या. त्या इथल्याच, हडपसरच्या पलीकडच्या गावातल्या. आईला त्या वैनी म्हणायच्या. त्यांच्या सासरची जमीन आयटी पार्कच्या रस्त्यात गेली, आलेले पैसे दिरांनी वाटून घेतले आणि मावशींनी त्याच पार्कातल्या मुलांना डबे द्यायला सुरुवात केली. पहाटे त्यांच्या खिडकीतून फोडणीचा वास वर यायचा. कधी सुट्टीच्या दिवशी त्या मला टेंपोत बसवून मार्केट यार्डला घेऊन जायच्या. कांद्याच्या पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढताना त्यांनी माझा हात कधी सोडला नाही. मी बोलत नाही याची त्यांना कधी अडचण वाटली नाही. "तू ऐक, मी बोलती," म्हणायच्या.

भिशी आईने सुरू केली. ती महिन्यातून एकदा, आमच्याच घरी, चार वाजता भरायची. सगळ्यांनी सारखी रक्कम टाकायची आणि जिची चिठ्ठी निघेल तिने त्या महिन्याची सगळी भिशी घ्यायची. बायका सतरंजीवर गोल बसायच्या. चिठ्ठी काढायचं काम माझ्याकडे होतं. "ही बोलत नाही, म्हणजे कुणाच्या बाजूचीही नाही," असं ठरलं होतं. मी डोळे मिटून स्टीलच्या डब्यात हात घालायची आणि सगळ्या बायका एकदम गप्प व्हायच्या. एवढ्या मोठ्या बायका माझ्या हाताकडे बघत गप्प बसल्या आहेत, ही गोष्ट मला फार आवडायची.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू पेठेतून हडपसरला आलेल्या. त्यांचं हडपसरबद्दलचं मत चांगलं नव्हतं आणि आमच्या वेळा पाळण्याबद्दल तर अजिबात नव्हतं. उशिरा आलेल्या बाईला त्या म्हणायच्या, "या. आपल्या वाटणीचा चहा उकळून उकळून काढा झालाय. खोकला असेल तर उत्तमच." थंडीत आई सांभारवडी करायची. आमच्याकडे कोथिंबिरीला सांभार म्हणतात. काकूंनी पहिल्यांदा वडी उघडून आत पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, यात सांबार कुठंय? ही तर कोथिंबीर आहे." आई म्हणाली, "सांभारच आहे ना जी तो." मावशींनी तोवर चौथी वडी उचलली होती. "नाव काय बी असू द्या," त्या म्हणाल्या, "लई ग्वाड हाय."

भिशीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना पाठ होते. पहिला नंबर अडचण असेल तिला, चिठ्ठी न काढता. उशीर झाला तर कारण विचारायचं नाही. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की नव्या बाईला भिशीत घ्यायचं तर आतल्या कुणीतरी तिला आणलेलं असलं पाहिजे, आणि उद्या ती बाई चुकली तर जिने आणली, तिने भरायचं. त्यावर कधी चर्चा झाली नाही.

कुणाचे पैसे राहिले की आई दुपारी तिच्या घरी बसायला जायची. सोबत निवडायची भाजी घ्यायची, नाहीतर सोलायचा लसूण. मला बरोबर न्यायची. दोघी बायका तासभर पोरांच्या अभ्यासावर, पाण्याच्या टँकरवर, कुणाच्या तरी सासूवर बोलायच्या. पैशाचा शब्द निघायचा नाही. उठताना ती बाईच म्हणायची, "पुढच्या आठवड्यात देते हं." आई म्हणायची, "त्याच्यासाठी थोडीच आली मी." मला तेव्हा ते खरंच वाटायचं. आता वाटतं, ते अर्धं तरी खरं असावं.

एकदा शेजारच्या इमारतीतली एक नवी बाई सुरुवातीलाच भिशी उचलून नवऱ्याबरोबर शहर सोडून गेली. तिला आईने आणलं होतं. त्या महिन्यापासून भिशी संपेपर्यंत आईने दोन वाटे टाकले. कुणी तसं सांगितलं नाही आणि कुणी नको असंही म्हटलं नाही. आई ओव्हरटाइम करायला लागली. संध्याकाळी घरी आली की तिच्या साडीला पुठ्ठ्याचा आणि कसल्याशा कडू गोळ्यांचा वास यायचा. बाबा एवढंच म्हणाले, "माणूस पाहून आणत जा बापा." त्यावर आई म्हणाली, "पाहूनच आणली होती. दिसली नाही मले." आई अस्वस्थ झाली की तिचं मला-तुला सुटतं आणि मले-तुले येतं. पुण्यात इतकी वर्षं काढूनही ते गेलेलं नाही.

भिशी बंद पडली तेव्हा कुणी ती बंद केली नाही. काकू मुलाकडे राहायला गेल्या. दोघी-तिघींच्या सुनांनी फोनवरून दर महिन्याला पैसे गुंतवायचं शिकवलं. आईची कंपनी सुटली, ती निवृत्त झाली. एका रविवारी चार वाजून गेले तरी फक्त मावशीच आल्या होत्या. त्या आणि आई चहा पीत बसल्या आणि पुढच्या महिन्यात सतरंजी निघालीच नाही.

त्यानंतर वर्षभराने मावशींना इडलीचं पीठ वाटायचं मोठं यंत्र घ्यायचं होतं. डबे वाढले होते, मुलांना सकाळी इडली हवी होती. पूर्वीचे दिवस असते तर भिशीचा पहिला नंबर त्यांचा होता. आता त्यांच्या भाच्याने फोनवर काहीतरी उघडून दिलं, आणि चहा होईपर्यंत कर्ज मंजूर झालं. त्यात ओळखीची दोन माणसं लिहायची होती. मावशींनी एक भाऊ लिहिला आणि दुसरी माझी आई.

कंपनीचा फोन आला तेव्हा मी घरी होते. आईने फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडच्या मुलीने विचारलं, "आपण यांना ओळखता का?" आई हसली. "ओळखते म्हणजे काय जी? बहीण आहे माझी ती. तिची काळजी नका करू. मी आहे ना इथे." मुलीने थँक्यू म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटतं, तिच्या संगणकावर तिने एका चौकोनात खूण केली असेल, एवढंच. आईच्या लेखी मात्र, भिशीत आणतात तसं, मावशींना आता आईने आणलं होतं.

पुढे पार्कातल्या कंपन्यांनी मुलांना आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम करायला सांगितलं. डबे निम्म्यावर आले. यंत्राचा हप्ता तेवढाच राहिला.

हे सगळं मला क्रमाने कळलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की आईचे गुडघे दुखायला लागले. विहारातल्या बायकांची बुद्धगयेची सहल ठरली होती. आईने निवृत्तीच्या पैशातून थोडे त्यासाठी बाजूला काढून ठेवले होते. आयुष्यात एकदाच मोठा प्रवास करायचा आणि तोही तिथेच, असं ती मी शाळेत असल्यापासून म्हणत आली होती. पिवळसर पांढरी साडी घेऊन ठेवली होती, रेल्वेत लागेल म्हणून उशीही. आणि एका संध्याकाळी तिने विहारातल्या बायकांना सांगून टाकलं, की माझं नाव काढा.

बाबा म्हणाले, "हिचे गुडघे जिन्यावर दुखत नाहीत, गच्चीवर पापड घालताना दुखत नाहीत. फक्त रेल्वेतच दुखतात. डॉक्टरला दाखवायला पाहिजे, नवीन आजार आहे."

"तुम्हाले सगळ्यात गंमत वाटते," आई म्हणाली आणि उठून आत गेली.

आणखी एक गोष्ट मला दिसली. आई तळमजल्यावर थांबेनाशी झाली. भाजी घेऊन आली की मावशींच्या दारावरून नजर न वळवता वर यायची. मावशींकडून कधीमधी येणारी बाजरीची भाकरीही यायची बंद झाली. इतक्या वर्षांत त्या दोघी भांडलेल्या मला आठवत नव्हत्या, आणि आताही भांडण झाल्यासारखं दिसत नव्हतं.

गॅलरीतला तो फोन मी ऐकला, त्याच आठवड्यात आईने मला बोलावलं. "या फोनवरून पैसे गेले, तर त्याची पावती कुठे दिसते गं?"

मी उघडून दाखवली. दोन पावत्या होत्या, दोन वेगवेगळ्या महिन्यांच्या, सारख्याच रकमेच्या. पैसे ज्याला गेले तिथे एका माणसाचं नाव होतं. दुकानाचं नव्हतं, कंपनीचं नव्हतं. आई माझ्या खांद्यावरून बघत होती.

"गेले ना?" तिने विचारलं.

"गेले."

"मग ठीक आहे."

यावेळी मात्र मी विचारलं. आईने सांगितलं, कारण खोटं बोलायचं तर तिला तयारी लागते. मावशींचे हप्ते थकले होते. वसुलीचा माणूस आईला फोन करत होता. तुम्ही ओळख दिली आहे, तुमचं नाव आमच्याकडे आहे, पैसे आले नाहीत तर तुमच्या दारात येऊन चारचौघांत विचारू, तुमच्या मुलीच्या ऑफिसला फोन करू, असं म्हणत होता. शेवटी त्याने एक नंबर दिला आणि यावर टाका म्हणाला.

"पण आई, तू जामीनदार नाहीस. तुझी कुठे सही नाही."

"माहीत आहे मले. सही नाही केली मी."

"मग काहून भरतेस?" माझ्याही तोंडून 'का'च्या जागी काहून निघालं.

"विचारलं होतं त्यांनी. मी आहे म्हणून सांगितलं. मग आता नाही आहे म्हणू?"

"मावशींना माहीत आहे?"

आई लसूण सोलत होती. तिने पाकळी वाटीत टाकली. "तिले काही सांगायचं नाही. तिचा आधीच जीव अर्धा झाला आहे. तू तर मुळीच सांगू नको." मग पुढची पाकळी उचलत म्हणाली, "तू सांगणार नाहीस म्हणा. तू कुठं बोलतेस."

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी फोनवर नियम शोधले. हडपसर ते हिंजवडी एवढ्या वाटेत माणूस एक कायदा सहज वाचू शकतो. सगळ्या बँकांच्या वर जी बँक आहे तिने कर्ज देणाऱ्यांना घालून दिलेले नियम होते. वसुलीसाठी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही. धमकी द्यायची नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. कर्जदाराच्या घरच्यांना, मित्रांना किंवा ओळखीसाठी ज्यांची नावं दिली त्यांना त्रास द्यायचा नाही. वसुलीला कोण येणार हे कंपनीने कर्जदाराला आधी कळवायचं. येणाऱ्याकडे ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र असलं पाहिजे. फोनवरून घेतलेल्या अशा कर्जाचा हप्ता कंपनीच्याच खात्यात गेला पाहिजे, मधल्या माणसाच्या नाही. आधी कंपनीकडे तक्रार करायची, महिन्याभरात दाद लागली नाही तर त्या वरच्या बँकेनेच नेमलेल्या लोकपालाकडे जायचं. त्याला पैसे पडत नाहीत.

वाचताना मला विचित्र वाटलं. आईला सकाळी सात वाजता जे सोसावं लागत होतं, त्याचा प्रत्येक तुकडा तिथे आधीच कुणीतरी लिहून ठेवला होता. ओळख देणारी शेजारीण सुद्धा त्यांच्या लक्षात होती. इंग्रजीतलं ते कोरडं वाक्य मी दोनदा वाचलं. माझं शिक्षण आईच्या ओव्हरटाइमवर झालं आहे, आणि ते तिच्या इतक्या थेट उपयोगी पडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. मराठीत सांगताना अडखळले, पण सांगितलं. आईने मन लावून ऐकलं. आठच्या आधी फोन करायचा नाही, हे तिला फार आवडलं. "एवढं लिहून ठेवलं आहे?" तिने दोनदा विचारलं. मग म्हणाली, "चांगलं आहे. ज्यांना लोक त्रास देतात त्यांच्या कामाचं आहे."

"आई, तुलाच देताहेत त्रास."

"मले कसला त्रास? मी भरते आहे ना."

तिला कायदा पटला होता. फक्त तो तिच्यासाठी होता असं तिला वाटत नव्हतं. आणि ते पैसे त्या माणसाच्या खात्यात गेलेत, कंपनीच्या नाही, हे मी तीन प्रकारे सांगून पाहिलं. भिशीत पैसे हातात द्यायचे आणि हातातून घ्यायचे, मध्ये दुसरं काही नसायचं. आई म्हणाली, "तो कंपनीचाच माणूस आहे. भरेल तो नेऊन." कर्जाचं खातं तपासायचं तर ते ज्याच्या नावावर आहे तोच माणूस लागतो. तक्रारीलाही मावशीच लागणार होत्या. आणि मावशींना सांगायचं नव्हतं.

मग एके दिवशी बसमधून उतरून घरी येताना जिन्यात मावशी भेटल्या. हातात पिठाची परात होती. मला थांबवून म्हणाल्या, "आई बोलत न्हाय गं आताशा. माझं काय चुकलं का?"

मी मान हलवली. नाही, अशा अर्थाने.

"त्या हप्त्याचं कळलं असंल तिला, म्हणून असंल. मला बी लाज वाटती वर यायला." त्यांनी परात दुसऱ्या कमरेवर घेतली. "पण आता जरा बरं हाय. त्यो वसुलीवाला देवमाणूस निघाला बघ. दोन महिने झाले, फोन न्हाय की येणं न्हाय. थांबलाय माझ्यासाठी. वैनीला सांग तेवढं."

त्या दोन महिन्यांत तो का आला नव्हता हे मला ठाऊक होतं. माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. मी फक्त हसले आणि वर गेले. मागे परातीचा आवाज झाला, मग त्यांच्या दाराचा.

वर आई पोळ्या करत होती. मी म्हटलं, "मावशी भेटल्या."

"काय म्हणत होती?"

"तू बोलत नाहीस म्हणत होत्या."

आईने पोळी उलटली. "समोर गेली तर माझ्या तोंडावर दिसते सगळं," ती म्हणाली. "तिने विचारलं, तर मी सांगून टाकीन. म्हणून नाही जात."

तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी सकाळी तो माणूस आला. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली मोटारसायकल थांबली, हेल्मेट काढलं तर माझ्याच वयाचा मुलगा निघाला. इस्त्रीचा शर्ट, पाठीला सॅक. तो थेट मावशींच्या दाराशी गेला आणि कडी वाजवली. जिन्यातून आवाज वर सरळ येत होता.

"तीन हप्ते झाले तुमचे. वर दंड. आज काहीतरी करायचं, असं सांगून पाठवलंय मला."

मावशींचा आवाज आला. "तीन कसे? तुम्ही थांबला व्हता ना? दोन महिने काय बोलला न्हाईत, मला वाटलं…"

"कंपनी कुणासाठी थांबत नाही काकू. तिन्ही भरा, नाहीतर यंत्र उचलायला माणसं घेऊन येतो. बघू दे सगळ्या बिल्डिंगला."

दुसऱ्या मजल्यावरचं एक दार उघडलं आणि किलकिलं राहिलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने फोन घेतला, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागली. मी तिच्या मागे गेले. तिच्या पायाला घाई होती, पण शेवटच्या वळणावर ती थांबली.

मावशी दारात उभ्या होत्या. हाताला पीठ लागलेलं, आणि त्या ते हात पुढे धरून उभ्या होत्या, कशाला लागू नयेत म्हणून. त्या मुलाने वर बघितलं. आईला पाहून त्याचा चेहरा बदलला; फोनवरचा तिचा फोटो त्याने पाहिलेला असणार. तो घाबरला नाही, फक्त त्याचा आवाज एकदम नरम झाला. "मॅडम, तुम्ही कशाला आलात खाली? तुमच्याशी मी फोनवर बोलतो नंतर. तुम्ही वर जा."

"वैनी?" मावशी म्हणाल्या. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आईकडे. "ह्यो तुमाला कसा वळखतो?"

आईच्या चेहऱ्यावर सगळं दिसत होतं, पण मावशी तिथे काय पाहायचं ते शोधत होत्या. आई माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "चल, वर चल." तिने माझं मनगट धरलं. ती अजून मावशींनाच वाचवत होती. आपण वर गेलो की तो मुलगा आवाज चढवेल, दुपारी आईला फोन करेल, आई तिसऱ्यांदा पैसे टाकेल, सहल पुढच्या वर्षीही होणार नाही, आणि मावशींकडे पुन्हा तीनऐवजी चार हप्ते मागितले जातील, हे सगळं मला त्या एका पायरीवर दिसलं.

मी मनगट सोडवून घेतलं. आईच्या पुढे दोन पायऱ्या उतरले. वरचं किलकिलं दार आणखी उघडलं. सगळे माझ्याकडे बघत होते आणि कुणीच बोलत नव्हतं. माझा आवाज इतका मोठा निघेल असं मला वाटलं नव्हतं.

"मावशी, यातले दोन हप्ते आईने भरलेत. तुमच्या कर्जात नाही, या दादांच्या स्वतःच्या खात्यात, पावत्या आईच्या फोनमध्ये आहेत. दादा, तुमचं ओळखपत्र आणि कंपनीचं पत्र दाखवा. आणि मावशी, तक्रार तुमच्याच नावाने करावी लागेल. हात धुऊन घ्या, मी लिहिते."